आमची भाषा की आपली भाषा?

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता साधारण पन्नास किलोमीटरचा. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्येच एखादी खाडी. मुंबई-पुण्याचा माणूस या रस्त्याने जातो तो नागावची वाडी, काशीदची वाळू किंवा जंजिऱ्याची होडी डोळ्यांपुढे ठेवून. पण डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवले तर हाच रस्ता एक वेगळी गोष्ट सांगू लागतो.

अलिबाग सोडले की लगेच आक्षी लागते. येथे सापडलेला शिलाहार केशिदेवाच्या काळातील शिलालेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा आहे. हे वाचन धरले तर तो मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक ठरतो. काही अभ्यासकांनी त्याचा काळ बराच अलीकडे ओढला आहे, तो वाद अभ्यासकांचा. पुढे चौल-रेवदंडा. दहाव्या शतकात आलेल्या अल् मसूदी या अरब प्रवाशाने या बंदराला ‘सैमूर’ म्हटले आणि येथले लोक ‘लारिया’ नावाची भाषा बोलतात अशी नोंद केली. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन याच बंदरात उतरला. त्याने आपला प्रवास रशियन भाषेत लिहिला; पण लिहिता लिहिता तो मध्येच तुर्की, फारसी, अरबीची सरमिसळ असलेल्या बोलीत शिरतो. प्रार्थनाही तो त्या मिश्र बोलीत करतो. रस्त्याच्या शेवटी जंजिरा आहे. ते नावच मुळी ‘जझीरा’ या अरबी शब्दावरून आले आहे. जझीरा म्हणजे बेट. समुद्रातल्या किल्ल्याला आपण जंजिरा म्हणतो तेव्हा अरबी बोलत असतो, आणि ते आपल्या गावीही नसते.

या सगळ्याच्या मधोमध, रेवदंड्याची खाडी ओलांडली की, कोर्लई आहे. तेथल्या ख्रिस्ती वस्तीतली माणसे घरात जी भाषा बोलतात ती मराठी नाही, कोकणी नाही, आणि लिस्बनहून आलेल्या पाहुण्याला सहज कळेल अशी पोर्तुगीजही नाही. ती माणसे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात. बोलणारे जेमतेम हजारभर. एवढ्याशा भाषेचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. पण भाषा आणि विचार यांचे नाते काय, हा विद्वानांना शतकानुशतके छळणारा प्रश्न समजून घ्यायला रायगडच्या किनाऱ्याइतकी चांगली शाळा शोधून सापडणार नाही.

आधी शब्द की आधी विचार?

प्रश्न जुनाच आहे. साधारण पाचव्या शतकातल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त असे मांडले की, शब्दाचा स्पर्श नसलेले ज्ञान या जगात नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने प्रत्येक भाषेत जगाकडे पाहण्याची एक दृष्टी असते असे म्हटले. विसाव्या शतकात अमेरिकेत एडवर्ड सपीर आणि त्यांचा शिष्य बेंजामिन ली व्होर्फ यांनी हा विचार पुढे नेला. व्होर्फ पेशाने आगविमा कंपनीतला तपासनीस. कारखान्यांत आगी का लागतात हे शोधताना त्याच्या लक्षात आले की, पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात. पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ खुशाल विड्या ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ साठलेली असल्याने तेच अधिक घातक. ‘रिकामे’ या शब्दाने माणसांना बेसावध केले होते.

व्होर्फ आणि त्याचे अनुयायी मात्र वाहवत गेले. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या भाषेत काळ दाखवणारे शब्दच नाहीत, म्हणून त्यांची काळाची कल्पनाच निराळी, असे म्हटले जाऊ लागले. १९८३ मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेतल्या काळवाचक शब्दांचा जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला आणि त्या दंतकथेतली हवा काढून टाकली. एस्किमोंकडे बर्फाला शेकडो शब्द आहेत ही गोष्टही अशीच फुगवलेली.

मग सत्य काय? माणूस भाषेच्या तुरुंगात बंद असतो हे खरे नाही. तसे असते तर भाषांतर अशक्य झाले असते, आणि दुसरी भाषा शिकताही आली नसती. पण भाषेचा विचारावर काहीच परिणाम होत नाही हेही खरे नाही. रशियन भाषेत फिक्या निळ्याला आणि गडद निळ्याला दोन स्वतंत्र मूळ शब्द आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, या दोन छटांमधला फरक रशियन भाषक थोडा अधिक झटकन ओळखतात. आणि त्यांच्या मनाला त्याच वेळी शब्दांच्या दुसऱ्या कामात गुंतवले की ही आघाडी नाहीशी होते. म्हणजे भाषा विचाराला धक्का देते, दिशा देते. बेडी घालत नाही.

रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये याचे मर्म सांगितले. भाषाभाषांतला खरा फरक कोणत्या भाषेत काय सांगता येते यात नसतो, तर काय सांगावेच लागते यात असतो. इंग्रजी बोलणाऱ्याला ‘डॉक्टर आला’, ‘डॉक्टर आली’, ‘डॉक्टर आले’ यांतले काहीच ठरवावे लागत नाही. आपल्याला डॉक्टर पुरुष की स्त्री, आदराने बोलायचे की नाही, हे सांगितल्याशिवाय वाक्यच पुरे करता येत नाही. दिवसातून हजार वेळा भाषा आपल्याला हा प्रश्न विचारते, आणि हजार वेळा आपण त्याचे उत्तर देतो. सवय लागते ती अशी.

फुटलेला कप

घरातलेच एक उदाहरण घ्या. पोराच्या हातून कप पडला. आईने विचारले, ‘काय झालं रे?’ पोरगा म्हणतो, ‘कप फुटला.’ आजी सावरून घेते, ‘त्याच्या हातून फुटला.’ आणि वडील रागावलेले असतील तर म्हणतात, ‘यानं कप फोडला.’ घटना एकच. पण मराठीने दोषाच्या तीन पायऱ्या करून ठेवल्या आहेत. पहिल्या वाक्यात करणारा कोणीच नाही, दुसऱ्यात हात आहे पण मन नाही, तिसऱ्यात मात्र पुरता गुन्हेगार उभा आहे.

कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांवरचा असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपघाताने काही फुटल्या-सांडल्याचे प्रसंग दोघांना दाखवले. इंग्रजीत अपघातसुद्धा बहुधा ‘अमक्याने फोडले’ असाच सांगितला जातो. स्पॅनिशमध्ये आपल्या ‘फुटला’सारखी रचना सहज वापरली जाते. नंतर विचारले, तेव्हा हेतुपुरस्सर केलेली कृत्ये कोणी केली हे दोघांनाही सारखेच आठवले. पण अपघात कोणाच्या हातून झाला हे इंग्रजी भाषकांना अधिक चांगले आठवत होते. सांगण्याची रीत लक्षात ठेवण्याच्या रीतीत उतरली होती.

आता हीच तपासणी घराबाहेर, किनाऱ्यावर करून पाहू.

तिथीची पाऊणपट

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. दर सुटीत तेथे कोणी ना कोणी पर्यटक हातातल्या घड्याळाकडे पाहत, ‘पाणी कधी उतरणार?’ म्हणून विचारताना दिसतो. जुना कोळी घड्याळाकडे पाहत नाही. तो विचारतो, ‘आज तिथी कोणती?’

हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आत भरती, आणि पहाटे व संध्याकाळी पाणी दूर सरलेले. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, त्याचाच हा घरगुती गुणाकार. तो अगदी काटेकोर नसतो. पण होडी पाण्यात लोटायला पुरेसा असतो.

यातच दुसरा भेद दडलेला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्राला ‘उधाण’ असते. पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास ‘भांग’ असतो. भरती बेताची आणि ओहोटीही बेताची. म्हणून अष्टमीच्या दुपारी ओहोटी असली तरी किल्ल्याकडे जाताना पाणी पुरते सरलेले नसते. शहरातला माणूस उधाण म्हणजे मोठी लाट किंवा खवळलेला समुद्र समजतो. ‘आनंदाला उधाण आले’ एवढ्यापुरताच तो शब्द त्याच्याकडे उरला आहे. भांग तर त्याला केसातला ठाऊक, नाही तर होळीतला. ज्याच्याकडे हे दोन शब्द आहेत त्याला समुद्र पंधरवड्याच्या लयीत दिसतो. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला समुद्र रोज तोच, कधी जवळ, कधी लांब.

वाऱ्याचेही तसेच. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा. शिडाच्या होड्यांच्या काळात मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, असे दिवसाचे वेळापत्रकच वाऱ्याने आखून दिलेले होते. हे दोन शब्द शाळेच्या भूगोलात गेले, म्हणून महाराष्ट्रभरच्या मुलांनी ते पाठ केले. पण किनाऱ्यावर होड्यांना इंजिने बसली आणि वाऱ्याची खुशामत करण्याची गरज संपली, तसे ते बोलण्यातून मागे सरले. येथे बाण उलट दिशेने सुटलेला दिसतो. आधी जगणे बदलले, मग शब्द गेले.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे. तिच्यात ‘डावीकडे-उजवीकडे’ यांऐवजी पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर वापरतात. ‘तुझ्या दक्षिणेकडच्या पायाजवळ मुंगी आहे’ असे म्हणण्यासारखे. अभ्यासकांना असे आढळले की, ती भाषा बोलणाऱ्यांना कोठेही नेले तरी दिशांचे भान सहसा सुटत नाही. आपल्याकडच्या खेड्यांतही ‘पूर्वेची खोली’, ‘वरच्या अंगाला’ असे बोलणारी माणसे अजून आहेत. भाषा दिशा विचारत राहिली की माणूस दिशा लक्षात ठेवत राहतो. कोळ्याची भाषा तिथी विचारत राहिली, म्हणून त्याच्या डोक्यात चंद्र चालू राहिला.

बंद दरवाजे आणि बिरडे

अलिबागच्या उत्तरेला नवगाव. फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात पुरुष आणि सात स्त्रिया येथे किनाऱ्याला लागली, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत हा समाज तेलाचे घाणे चालवीत राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवले ‘शनवार तेली’. आडनावे गावांची: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर. घरातली भाषा मराठी. शतकांच्या ओघात हिब्रू विसरली गेली. ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली.

मग सणांचे काय झाले? सण राहिले, पण त्यांना मराठी नावे पडली. ही नावे हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात नोंदवली आहेत. हा ग्रंथ त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला आणि तो छापला गेला १९३७ मध्ये. ज्यूंचे नववर्ष झाले ‘नव्याचा सण’. नवा तांदूळ घरात येण्याच्या दिवसांतला. त्याच्या मागोमाग ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा महान उपवास झाला ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन घरात बसायचे. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीमचा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडायचा, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. आणि इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याचा वल्हांडण सण, ज्यात आंबवलेले काही खायचे नसते, तो ‘अनाशी ढाकायचा सण’ झाला. अनाशी म्हणजे आंबट पाण्याचे भांडे. ते त्या दिवसांत झाकून ठेवायचे.

ही यादी नुसती मौजेची नाही. तिच्यात भाषेने संस्कृतीचे काय केले आणि काय केले नाही, ते दोन्ही दिसते. मोझेसची कथा, मंदिराचा विध्वंस हे सारे हिब्रूबरोबर मागे पडले. मराठी नावात त्याला जागा नव्हती. पण भांडे झाकले जात राहिले, दार लावले जात राहिले. नाव क्रियेचे पडले म्हणून क्रिया टिकली. नावात गोष्ट नव्हती म्हणून गोष्ट हरवली. शेजारच्यांच्या भाषेचा ठसाही पाहा. आनंदाच्या दिवसाला हिंदू शेजाऱ्याचा ‘सण’, उपवासाच्या दिवसाला मुसलमान शेजाऱ्याचा ‘रोजा’, आणि उपवास सोडायला अलिबागचा वाल! धर्म दूरचा, पण तो ओळखायची रीत सगळी या मातीतली.

एकोणिसाव्या शतकात कथा परतल्या, आणि त्याही मराठीचा हात धरून. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हागादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. या समाजाने बायबलातल्या कथांवर चक्क मराठी कीर्तनेही रचली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. पोह्यांचा मलिदा अजूनही होतो. हिब्रू परत मिळाली. पण नवस फेडायला, आभार मानायला लागणारा शब्द ‘मलिदा’च राहिला.

खाडीपलीकडची बोली

आता कोर्लई. पोर्तुगीज चौलला प्रथम आले ते १५०५ च्या सुमारास. १५०८ मध्ये चौलच्या बंदरातल्या लढाईत व्हॉइसरॉयचा मुलगा दों लोरेन्सो मारला गेला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने त्यांना चौलला कोट बांधू दिला. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले. गोरे अंमलदार आणि शिपाई निघून गेले. त्यांच्या पदरची, शेतावरची, बाटलेली, सरमिसळीतून जन्मलेली माणसे मागे राहिली. त्यांची बोलीही मागे राहिली.

आश्चर्य येथेच आहे. पोर्तुगीज अंमल मुंबई, साष्टी, वसई येथेही होता, आणि तेथेही अशा मिश्र बोली होत्या. गोव्याचे विद्वान मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये उत्तरेकडच्या या बोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या त्या बोली आता विरून गेल्या. कोर्लईत मात्र राजसत्ता गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षे बोली टिकली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. धर्म वेगळा, म्हणून सोयरीक वस्तीतल्या वस्तीत. आणि माउंट कार्मेलच्या देवळात गेल्या शतकाच्या मध्यानंतरपर्यंत पोर्तुगीज येणारे पाद्री. एवढे तीन खांब त्या बोलीला पुरले.

अमेरिकेचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी कोर्लईत राहून या बोलीचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यातून जे चित्र उभे राहते ते मोठे लोभस आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण वाक्याची घडण मराठी. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते मराठीसारखे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी या बोलीने ‘उ’कारान्त असा एक स्वतंत्र वर्गच पाडला. पाहुण्याला घरात घेतले, पण त्याचा पाट वेगळा मांडला, तसे. आणि पोर्तुगीजमधली दोन लिंगे, मराठीतली तीन, अशा दोन मातांच्या पोटी आलेल्या या भाषेत नामांचा लिंगभेद जवळजवळ गळूनच पडला. ‘लिंग’ हा पोर्तुगीज ‘लिंग्वा’ म्हणजे भाषा या शब्दाचा अवशेष. पण मराठी कानाला ‘नॉ लिंग’ हे तिच्या व्याकरणाचे वर्णन वाटावे, ही गंमत वेगळीच.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. पाव, बटाटा, काजू, चावी, बिजागरी, घमेले, लिलाव, पगार, तुरुंग हे शब्द पोर्तुगीजमधूनच आपल्याकडे आले. आपला हापूस तर आफोन्सो या नावाचा अपभ्रंश. महिन्याच्या एक तारखेला आपण ज्याची वाट पाहतो तो पगार, त्यातून आणलेला पाव आणि तो ठेवलेल्या कपाटाची चावी, यांतले एकही नाव चारशे वर्षांपूर्वी परक्याचे नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. आज मात्र त्यांना परके म्हणवत नाही.

म्हणून कोर्लईची बोली भाषाशास्त्राच्या त्या जुन्या प्रश्नाला उत्तर देते. भाषेने विचाराला वळण लावले, की जगण्याने भाषेला? कोर्लईच्या माणसाने शब्द धन्याचे ठेवले. पण वाक्य जुळवायची रीत शेजाऱ्याची उचलली, कारण बाजार, शेत, पाऊस आणि भांडण हे सारे तो शेजाऱ्याबरोबर वाटून घेत होता. आणि वेगळे शब्द राहिले म्हणून वेगळेपणही राहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पूल झाला, पुढे?

१९८० च्या दशकात रेवदंडा-साळाव पूल झाला. ज्या पाण्याने बोली राखली होती ते पाणी ओलांडणे पाच मिनिटांचे काम झाले. त्याआधीच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, चर्चमधली प्रार्थना मराठीत आली होती. शाळा मराठीच होती. मग कारखाने आले, मुंबईच्या नोकऱ्या आल्या, पर्यटक आले. २०२० पासून तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट बोट येते. आता इंग्रजी माध्यमाचे आकर्षणही आहेच.

याबद्दल हळहळताना एक भान ठेवायला हवे. पूल नको होता असे कोर्लईत कोणी म्हणणार नाही. अडलेल्या बाळंतिणीला रात्री होडीची वाट पाहायला लावून भाषा जतन करता येत नाही, आणि करूही नये. मुलाशी मराठीत बोलणारी तेथली आई काही गुन्हा करीत नाही. तिला मुलाच्या शाळेची, नोकरीची काळजी आहे. आपल्यातले जे आईबाप मुलाला मराठी शाळेतून काढून इंग्रजीत घालतात त्यांची काळजी याहून वेगळी कोठे असते? कोर्लईच्या घरात मराठी ज्या जागी उभी आहे, त्याच जागी आपल्या घरात इंग्रजी उभी आहे. फरक एवढाच की, आपण कोट्यवधी आहोत आणि ते हजारभर.

संख्या लहान असली की सरकारी कागदही साथ देत नाही. दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे जनगणनेत स्वतंत्रपणे दिले जात नाहीत. म्हणजे ‘नॉ लिंग’ला तेथे स्वतःची ओळच नाही. केरळातल्या वायपीन बेटावरची अशीच पोर्तुगीज मिश्रबोली २०१० मध्ये तिच्या शेवटच्या भाषकाबरोबर संपली. त्याच वर्षी अंदमानातली ‘बो’ भाषाही संपली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या प्राचीन लेखांचा अभिमानाने उल्लेख झाला. तो व्हायलाच हवा. पण आक्षीच्या दगडापासून कोर्लई एस.टी.ने तासाभराच्याही आत आहे. दगडावरच्या भाषेचा अभिमान धरणाऱ्याने ओठांवरच्या भाषेची चौकशी करायला हरकत नसावी.

बोली गेली तर नेमके काय जाईल? कोर्लईच्या माणसाची बुद्धी जाणार नाही, श्रद्धा जाणार नाही. तो मराठीत तितकाच चांगला विचार करील, आजही करतो. जे जाईल ते अधिक सूक्ष्म आहे. ‘अनाशी ढाकायचा सण’ हे नाव गेले असते तर या किनाऱ्यावर कोणी तरी शतकानुशतके एक भांडे झाकून ठेवीत होते हे आपल्याला कळलेच नसते. भांग हा शब्द गेला की पंधरवड्याची लय दिसेनाशी होते. तसेच, दोन परकी माणसे एकमेकांना समजून घेताना वाक्य कसे घडवतात, याचा कोर्लईतला जिवंत पुरावा जाईल. त्याच्याबरोबर तेथल्या आजीचा नातवाशी बोलण्याचा विशिष्ट सूरही जाईल. तो कोणत्याही भाषांतरात येत नाही.

आमची की आपली?

शेवटी एक छोटासा भाषांतराचा प्रश्न. ‘नॉ लिंग’चा अर्थ मराठीत कसा सांगायचा? पोर्तुगीज ‘नॉस’ किंवा इंग्रजीतला त्याचा प्रतिशब्द यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे कळत नाही. मराठीला मात्र ते सांगावेच लागते. ‘आम्ही’ म्हटले की तुम्ही बाहेर. ‘आपण’ म्हटले की तुम्ही आत. नव्या सुनेने ‘आमच्याकडे’ म्हटले की सासू समजते, ही माहेरची गोष्ट चालली आहे. तीच सून एके दिवशी नकळत ‘आपल्याकडे’ म्हणते, आणि घरातले काही तरी बदललेले असते. एका अक्षराच्या फेराने मराठी माणूस माणसाला उंबऱ्याच्या आत घेतो किंवा बाहेर ठेवतो.

आजवर जेथे जेथे ‘नॉ लिंग’विषयी लिहिले गेले तेथे तिचा अर्थ बहुधा ‘आमची भाषा’ असाच दिला जातो. कोर्लईच्या माणसाने तसे म्हणणे योग्यच आहे. पण आपण ते कसे म्हणायचे? तिचे वाक्य आपल्या वाक्यासारखे चालते, तिच्या मावशीचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहेत, आणि ती आपल्याच खाडीच्या काठी, आपल्याच पावसात वाढली आहे. व्याकरण आपल्याला निवड करायला लावते. ती निवड कोणती करायची, हे व्याकरण सांगत नाही; ते माणसांनी ठरवायचे असते.